विश्लेषण : चाबूकस्वार, सर्कसकार आणि एका खचलेल्या गवयाचा सांभाळ... विष्णुपंत छत्रे कोण होते?

भारतातील पहिली सर्कस काढणारा मराठी माणूस म्हणून विष्णुपंत छत्रे यांचे नाव शालेय प्रश्नमंजूषेत हमखास येते. त्यापलीकडे त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ते मुळात घोडेस्वारीचे विद्यार्थी आणि पुढे शिक्षक होते. मनाने कोलमडलेल्या एका थोर गवयाला त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. आज घोड्यांच्या मदतीने आजारी आणि दिव्यांग व्यक्तींना उभारी देणाऱ्या केंद्रांची चर्चा होते, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र पाहण्यासारख्या आहेत.

घोडेस्वारी ही एकेकाळी रोजीरोटी कशी होती?

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावात आज घोडा दिसतो तो बहुतेक वेळा लग्नाच्या वरातीत. मराठवाड्यात घोड्यांची मोठी गर्दी पाहायची तर शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा गाठावी लागते. घोडेस्वारी शिकणे ही आता शहरातील मोजक्या क्लबांपुरती, बऱ्यापैकी खर्चिक गोष्ट झाली आहे.

दीडशे वर्षांपूर्वी चित्र वेगळे होते. मराठ्यांच्या फौजा १८१८ नंतर मोडल्या. शिलेदार आणि बारगीर यांचे दिवस सरले. तरीही लहानमोठ्या संस्थानांच्या पागा शिल्लक होत्या. राजाच्या बग्गीला आणि मिरवणुकीला घोडे लागत. त्या घोड्यांना खरारा करायला मोतद्दार लागत आणि त्यांना शिकवून तयार करायला चाबूकस्वार लागत. चाबूकस्वार म्हणजे केवळ चांगला स्वार नव्हे. अडेल घोड्याला वळण लावणारा आणि नवख्या माणसाला खोगिरावर बसायला शिकवणारा, असा दुहेरी शिक्षक. विष्णुपंत या परंपरेतून आले.

विष्णुपंत मूळचे कुठले?

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यातील, कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. त्यांचा जन्म १८४० च्या सुमारास झाला. लहानपणापासून त्यांना दोन नाद होते, एक घोड्याचा आणि दुसरा गाण्याचा. त्या काळातील ब्राह्मण घरात दोन्ही नाद काळजीचेच मानले जात. कारण दोन्हींतून पोट भरेल याची खात्री नव्हती, आणि दोन्ही शिकायचे तर घर सोडून गुरूच्या दारात जावे लागे.

दक्षिण महाराष्ट्रात पटवर्धन घराण्याची अनेक संस्थाने होती. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड येथील राजांना घोड्यांचा आणि कलांचा शौक होता. विष्णुपंतांच्या आयुष्याची घडी पुढे याच परिसरात बसली. पण शिकण्यासाठी ते उत्तरेकडे, ग्वाल्हेरला गेले.

ग्वाल्हेरलाच का?

ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. तेव्हा जयाजीराव शिंदे गादीवर होते. मराठी माणसाला तेथे परकेपणा वाटत नसे. घोडदळाची जुनी परंपरा तेथे टिकून होती आणि ख्याल गायकीचे ते माहेरघर होते. विष्णुपंतांना हव्या असलेल्या दोन्ही विद्या एकाच शहरात होत्या.

घोड्याची विद्या ते बाबासाहेब आपटे यांच्याकडे शिकले. अश्वविद्येचे जाणकार म्हणून आपट्यांचे नाव होते. गाणे शिकण्यासाठी त्यांनी हद्दू खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. ग्वाल्हेर घराण्याची घडण ज्या हद्दू-हस्सू बंधूंनी केली, त्यांपैकी हे एक. एका बाजूला पागेतील मेहनत आणि दुसऱ्या बाजूला उस्तादांची तालीम, असा हा दुपेडी विद्यार्थीकाळ होता.

हद्दू खाँ यांच्या घरात त्यांचा मुलगा रहिमत खाँ याचा आवाज तयार होत होता. विष्णुपंतांच्या आयुष्यात हे नाव पुढे फार महत्त्वाचे ठरले.

घोडा शिकवतात म्हणजे नेमके काय करतात?

हे समजून घेतल्याशिवाय विष्णुपंतांचा स्वभाव उमगत नाही. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नव्हे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचे त्याला दिसते. अनोळखी आवाज किंवा अचानक झालेली हालचाल यांवर त्याचे पहिले उत्तर एकच असते, पळणे. पाठीवर बसलेला माणूस घाबरला, चिडला किंवा आखडला की ते घोड्याला लगेच कळते, कारण मांड्यांची पकड आणि लगामाचा ताण बदललेला असतो.

म्हणून मारून मुटकून घोडा शिकत नाही. तो घाबरून काही काळ ऐकतो, इतकेच. शिकवण्याची जुनी रीत संथ आहे. आधी घोड्याला माणसाच्या वासाची आणि आवाजाची सवय करायची. चंदी आपल्या हाताने घालायची. मग लांब दोरावर त्याला गोल फिरवायचे. नंतर पाठीवर ओझे, त्यानंतर खोगीर आणि सर्वांत शेवटी माणूस. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. घोडा बिचकला तर एक पायरी मागे यायचे.

शिकणाऱ्या माणसाचेही तसेच. आधी चाल, मग दुडकी, मग धाव. चालताना घोड्याच्या टापांचे चार ठोके पडतात, दुडकीत दोन आणि मंद धावेत तीन. स्वाराने आपले अंग त्या ठोक्यांत मिसळायचे असते. गाणे शिकणाऱ्याला लय सांभाळणे नवे नव्हते. या दोन विद्यांमध्ये वरवर काही साम्य नसले तरी दोन्हींत घाई चालत नाही आणि दोन्हींत रोजचा रियाज चुकवता येत नाही.

सर्कशीची कल्पना कशी सुचली?

ग्वाल्हेरहून परतल्यावर विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या आश्रयाला आले. कृष्णा-पंचगंगा संगमाजवळचे हे छोटे संस्थान. तेथे पागेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. घोड्यांचे खेळ करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता.

१८७० च्या दशकाच्या अखेरीस जोसेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. विष्णुपंतांनी ती पाहिली. भारतीयांना स्वतःची सर्कस उभारणे इतक्यात जमणार नाही, असा शेरा कियारिनीने मारला आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी कथा सर्कसवाल्यांच्या पिढ्यांमध्ये सांगितली जाते. कथेतील संवाद प्रत्येक जण थोडा वेगळा सांगतो. मात्र युरोपीय सर्कस पाहूनच त्यांनी ती गोष्ट मनावर घेतली, याबद्दल मतभेद नाहीत.

त्यांचा आत्मविश्वास पोकळ नव्हता. आधुनिक सर्कशीचा जन्मच घोडेस्वारीच्या वर्गातून झाला आहे. लंडनमध्ये १७६८ मध्ये फिलिप अ‍ॅस्टली या माजी घोडदळ सैनिकाने स्वारीची शाळा काढली. सकाळी तो शिकवणी घेई आणि दुपारी कसरती दाखवून पैसे मिळवी. घोडा गोल रिंगणात एका गतीने धावला की त्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते, हे त्याने ओळखले होते. सुमारे ४२ फूट, म्हणजे अंदाजे १३ मीटर व्यासाचे रिंगण पुढे जगभर रूढ झाले. विदूषक, झुले, वाघ-सिंह हे सारे नंतर आले. पाया घोड्याचाच होता आणि त्या पायात विष्णुपंत पक्के होते.

पहिली भारतीय सर्कस कधी उभी राहिली?

ग्रेट इंडियन सर्कसच्या पहिल्या खेळाची तारीख २० मार्च १८८० अशी नोंदवली जाते. कुरुंदवाडच्या राजांचा पाठिंबा विष्णुपंतांना होता. घोड्यांचे खेळ ते स्वतः करत. त्यांच्या पत्नी झुल्यावरची कामे करत, असेही सांगितले जाते. त्या काळात घरंदाज स्त्रीने लोकांसमोर येणेच धाडसाचे होते, हे लक्षात घेतले तर या गोष्टीचे मोल कळते.

सर्कस गावोगावी फिरू लागली. रेल्वे वाढत होती, त्यामुळे जनावरे, तंबू आणि माणसे घेऊन लांबचा प्रवास शक्य झाला होता. या दौऱ्यांत १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्कस केरळमधील तलशेरीला पोहोचली. तेथे विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याचे काम कुन्हिकण्णन यांनी हाती घेतले. पुढे १९०१ मध्ये त्यांनी तलशेरीजवळ सर्कशीची शाळाच काढली. भारतीय सर्कशीत केरळचे कलावंत इतक्या मोठ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर या भेटीत आहे.

इकडे सांगली परिसरातूनही सर्कशींची रांग लागली. म्हैसाळचे देवल आणि सांगलीचे कार्लेकर यांनी आपापल्या सर्कशी उभ्या केल्या. विष्णुपंतांनी कला स्वतःपुरती ठेवली नाही, हे यातून स्पष्ट होते.

रहिमत खाँ यांची अवस्था काय झाली होती?

दरम्यान ग्वाल्हेरच्या त्या घरात बरेच काही बिघडले होते. हद्दू खाँ गेले. भावाच्या मृत्यूचा धक्का रहिमत खाँ यांना सोसला नाही. मनाचा तोल ढळला. अफूचे व्यसन जडले. गाणे गळ्यात होते, पण स्वतःला सांभाळण्याची शुद्ध राहिली नव्हती. ज्याच्या गळ्याची वाहवा दरबारात व्हायची, तो गवई काशीच्या रस्त्यांवर भणंगासारखा फिरू लागला.

तेथे विष्णुपंतांना ते सापडले. नेमके कसे, याच्या दोन-तीन हकिगती आहेत. आवाजावरून ओळखले, असे काही जण सांगतात. तपशील काहीही असो, विष्णुपंतांनी आपल्या गुरूचा हा मुलगा ओळखला आणि त्याला बरोबर घेतले. एका दिवसाची मदत करून ते थांबले नाहीत. सर्कशीच्या बिऱ्हाडात रहिमत खाँ यांना कायमची जागा मिळाली.

मनोविकारांवर आजच्यासारखी औषधे तेव्हा नव्हती. वेड लागले असे म्हणून माणसाला कोंडून ठेवणे किंवा वाऱ्यावर सोडणे, हेच दोन मार्ग बहुतेकांना ठाऊक होते. विष्णुपंतांनी तिसरा मार्ग धरला. राहायला जागा, वेळेवर जेवण, सोबतीला ओळखीची माणसे आणि गाण्यासाठी श्रोते. घोड्याला चाबकाच्या धाकाने शिकवता येत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याने बिथरलेल्या माणसावरही जबरदस्ती केली नाही, असे म्हणता येते.

सर्कशीच्या तंबूत ख्याल गायन कसे चालले?

सर्कशीबरोबर फिरताना रहिमत खाँ यांच्या मैफली होऊ लागल्या. वाघ-घोड्यांचे खेळ पाहायला आलेल्या गावात ग्वाल्हेर घराण्याचे अस्सल गाणे ऐकायला मिळे. ते गाताना स्वतःतच हरवलेले असत. मध्येच असंबद्ध बोलू लागत आणि पुन्हा सुरात येत, अशा आठवणी जाणकारांनी नोंदवल्या आहेत. सूर लागला की मात्र ऐकणारे भारावून जात. त्यांना भूगंधर्व म्हटले गेले ते उगीच नव्हे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर रहिमत खाँ यांच्या गाण्याची छाप पडली, असे संगीताचे अभ्यासक मानतात.

यात विष्णुपंतांचा फायदा नव्हता का?

हा प्रश्न रास्त आहे. रहिमत खाँ यांच्या नावावर लोक येत आणि तिकिटे खपत. सर्कस हा धंदा होता आणि धंद्याला गर्दी हवी असते. एका आजारी माणसाच्या कलेवर कमाई केली, असा आक्षेप कोणी घेतला तर तो सहज उडवून लावता येणार नाही. त्यांची अफू सुटली असेही कोणी म्हणत नाही.

पण दुसरी बाजूही पाहावी लागते. केवळ कमाईसाठी ठेवलेल्या माणसाला कमाई थांबली की निरोप दिला जातो. इथे तसे झाले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत वारले. त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत छत्रे यांनी सर्कस चालवली आणि रहिमत खाँ यांचा सांभाळही पुढे सुरू ठेवला. अखेरच्या काळात त्यांचा आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित झाला. १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचे निधन झाले. काशीच्या रस्त्यावर हरवू शकणारा आवाज आज ऐकता येतो, तो या सांभाळामुळे.

आजच्या उपचारात्मक घोडेस्वारीशी याचा काय संबंध?

विष्णुपंतांनी रहिमत खाँ यांच्यावर घोड्याच्या मदतीने उपचार केले, असा दावा कोणी करत नाही आणि करूही नये. घोडेस्वारीला उपचाराची जोड देण्याची आधुनिक पद्धत नंतरची आहे. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत बळ राहिले नाही. तरीही त्या पुन्हा घोड्यावर बसायला शिकल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागत असे. त्यांच्या यशानंतर युरोपात दिव्यांगांसाठी घोडेस्वारीची केंद्रे वाढू लागली.

यामागील तत्त्व साधे आहे. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्याचे कंबरेचे हाड पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला हलते. माणूस स्वतः चालताना त्याच्या कंबरेची हालचाल जवळपास अशीच होते. ज्या मुलाला चालता येत नाही, त्याच्या शरीराला ती हालचाल घोड्याच्या पाठीवर अनुभवता येते. पाठीचे आणि पोटाचे स्नायू तोल सावरायला शिकतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ही पद्धत प्रामुख्याने वापरली जाते. हा मूळ उपचाराला पर्याय नाही, जोड आहे. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय ती करू नये.

अशा केंद्रांत स्वयंसेवकांना फार महत्त्व असते. बसणाऱ्याला जास्त आधार लागत असेल तर तीन माणसे सोबत ठेवतात. एक जण घोडा धरून पुढे चालतो आणि दोघे दोन्ही बाजूंनी आधार देत चालतात. नवा स्वयंसेवक बऱ्याचदा तबेल्यातून सुरुवात करतो. लीद काढणे, खरारा करणे, पाणी दाखवणे आणि घोड्याशी ओळख वाढवणे. पुढे बाजूने चालताना त्याला फार काही करायचे नसते. हात तयार ठेवायचा, पण उगीच धरायचे नाही. मुलाला स्वतः तोल सावरू द्यायचा आणि गरज पडली तर मात्र क्षणात आधार द्यायचा.

विष्णुपंतांच्या चरित्राशी याचा धागा जुळतो तो इथे. एका माणसाला सोबत घेऊन चालायचे, त्याचा वेग आपला मानायचा आणि तो पूर्ण बरा होईल या अटीवर मदत करायची नाही. रहिमत खाँ पूर्ण बरे झाले नाहीत. ते गात राहिले, एवढे मात्र झाले.

विष्णुपंतांचा वारसा आज कुठे आहे?

सर्कस आता ओसरली आहे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी आणली. प्राण्यांच्या हिताच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. टीव्ही आणि मोबाइलने प्रेक्षकही नेले. अनेक सर्कशींचे तंबू कायमचे उतरले.

पण विष्णुपंतांकडून घेण्यासारखी गोष्ट तंबूपुरती नाही. ते तरुणपणी दोन गुरूंच्या दारात शिकायला गेले. जे शिकले ते पुढे इतरांना दिले. आणि एका गुरूचे ऋण त्याच्या मुलाला सांभाळून फेडले. घोड्याच्या जवळ जायचे असेल तर आधी आपला आवाज आणि हात शांत करावा लागतो, हा चाबूकस्वाराचा पहिला धडा आहे. अडचणीतील माणसाच्या जवळ जातानाही तो तितकाच उपयोगी पडतो.